आवाज, आमचा धाकटा आणि शनिवारचा गट (नाशिक)

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:२०

धाकट्या भावाला विचारून लिहिते आहे. त्याच्या दोन अटी आहेत: नाव यायला नको आणि 'बिचारा' हा शब्द कुठेही यायला नको.

तो आता ३१ वर्षांचा आहे. अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होता. नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या पाळीत त्याला मशीनच्या घरघरीतून सुपरवायझरचा आवाज यायला लागला. आम्हाला वाटलं, झोप होत नाही, पाळीचा शीण असेल. मग तोच आवाज घरी स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यातून यायला लागला, मग पाण्याच्या मोटारीतून. एका रात्री त्याने गच्चीवर जाऊन टाकीचा पाइप उपटून टाकला, कारण त्यातून कोणीतरी त्याला शिव्या देत होतं.

त्यानंतर आम्ही तेच केलं जे आपल्याकडची बहुतेक घरं करतात. त्र्यंबकला नारायण नागबळी केला, वणीच्या गडावर नवस बोललो, एका मामांनी सांगितलं म्हणून त्याचं लग्न ठरवायलाही निघालो होतो. त्यात दीड वर्ष गेलं. निदान झालं तेव्हा 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द आईला उच्चारता येईना. ती अजूनही 'त्याचं दुखणं' म्हणते.

तीन औषधं बदलली आणि शेवटी तो क्लोझापिनवर स्थिरावला. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यायला जायचो. वजन वाढलं, तोंडातून लाळ गळते म्हणून उशीवर टॉवेल टाकावा लागतो. पण तो जेवू लागला, अंघोळ करू लागला, आमच्याकडे बघून बोलू लागला. आवाजांची गर्दी ओसरली. दोन मात्र राहिले.

नऊ वर्षं आम्ही घरचे त्याला एकच विचारत होतो, "येतात का अजून?" दवाखान्यात विचारायचे, "कमी झालेत का?" ते दोन आवाज कोणाचे आहेत आणि काय बोलतात, हे त्याला कोणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला वाटायचं, विचारलं तर जास्त येतील.

गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी गंगापूर रोडला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, आठ प्लास्टिकच्या खुर्च्या. बारा शनिवार, अकरा ते साडेबारा. सगळे स्किझोफ्रेनिया असलेले, सगळे औषधावर, आणि सगळ्यांना औषध घेऊनही आवाज येतात. घरच्यांना आत प्रवेश नाही. त्यामुळे पुढचं सगळं धाकट्याने घरी येऊन सांगितलेलं.

पहिल्या दिवशी बाईंनी एकच नियम सांगितला. इथे कोणी कोणाला "ते खरं नाही" म्हणायचं नाही आणि "ते खरंच आहे" असंही म्हणायचं नाही. प्रत्येकाने आपला आवाज सांगायचा: बाई की पुरुष, उजव्या कानाला की डाव्या, बाहेरून की डोक्यातून, ओळखीचा की परका. आमचा धाकटा तिसऱ्या आठवड्यापर्यंत गप्प होता. मग सांगितलं. एक पुरुष आहे, तो "बैला, तुला काय येतंय?" असंच बहुतेक वेळा म्हणतो. दुसरी बाई आहे. ती मोजते. "उठला. चप्पल घातली. एक पायरी, दोन पायरी, तीन पायरी." दिवसभर. शिवी नाही, धमकी नाही, नुसतं मोजणं.

आमच्या जिन्याला २२ पायऱ्या आहेत. तो नऊ वर्षं खाली उतरायला टाळाटाळ का करतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांना एक तक्ता दिला. कधी आला, कुठे होतो, किती मोठा (० ते १०), काय म्हणाला, मी काय केलं. दोन आठवड्यांनी त्याच्या तक्त्यात दिसलं की संध्याकाळी पाच ते आठ सगळ्यात वाईट. ती मोटार लावायची वेळ, कुकरची वेळ, वरच्यांच्या टीव्हीची वेळ. सकाळी जवळजवळ काहीच नाही. आम्ही मात्र त्याला सकाळभर झोपू द्यायचो आणि बाजारहाटाला संध्याकाळी बाहेर काढायचो. उलटंच चाललं होतं सगळं. आता मोटार दुपारी दोनला लावते.

दर आठवड्याला एक उपाय करून बघायचा आणि पुढच्या शनिवारी सांगायचं. एका कानात कापूस किंवा इअरप्लग. मोठ्याने पेपर वाचणं. तोंडातल्या तोंडात गुणगुणणं. कोणाशी तरी बोलायला लागणं. आवाजाला "आत्ता नाही, सहा वाजता ये" असं सांगणं. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही. धाकट्याला इअरप्लगने काही झालं नाही. मोठ्याने वाचल्यावर मोजणारी बाई थांबते. तो रोज संध्याकाळी आईला पेपरातले बाजारभाव वाचून दाखवतो. कांदा, टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी. आईला ते ऐकायची सवयच झाली आहे.

सहाव्या की सातव्या शनिवारी तो घरी आला. मी ओट्याशी मेथी निवडत होते. मागे उभा राहून म्हणाला, "ताई, तू माझ्यावर वैतागली आहेस का?" पुरुषाचा आवाज अधूनमधून त्याला हे सांगायचा म्हणे. गटात एक साठीचे गृहस्थ आहेत, त्यांनी विचारलं, "मग तुम्ही ताईंना कधी विचारलंत का?" नऊ वर्षांत त्याने विचारलं नव्हतं. मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, "हो, कधी कधी येतो वैताग. पण ते त्या माणसाकडून ऐकू नकोस. माझ्याकडून ऐक." तो खाली बसला आणि माझ्याबरोबर मेथी निवडायला लागला.

आवाज गेले नाहीत. हे स्पष्ट लिहिते, कारण हे वाचून कोणी औषध सोडून गटाच्या मागे लागायला नको. पण तो आता २२ पायऱ्या उतरतो. सोमवारी दूध आणतो.

धागा काढायचं कारण: असा गट नाशिक रोड, सिडको, पंचवटी या भागांत कुठे आहे का? नसला तर सुरू करायला कोणी पुढे येईल का?

---

सातपूरकर | शनिवार, रात्री ११:०५

ताई, मनापासून लिहिलंत. एक भीती वाटते. एकाचे भास ऐकून दुसऱ्याचे वाढत नाहीत का? माझ्या बायकोला असे आवाज येतात. ती टीव्हीवर काही भीतीदायक पाहिलं तरी रात्रभर जागी असते.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११:३०

हीच भीती मला होती. पहिले दोन शनिवार तो रात्री नीट झोपला नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, कळवा. तिसऱ्यापासून झोप लागायला लागली. का ते डॉक्टर मंडळींनी सांगावं.

---

मनवैद्य | रविवार, सकाळी ८:१५

मी या शहरात मनोविकारांवर उपचार करतो. सातपूरकर, तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच ज्याचा आजार भरात आहे, जो संशयामुळे कोणाजवळ बसायलाही तयार नाही, त्याला गटात घेत नाहीत. आधी औषधाने जोर ओसरू द्यायचा. आणि आवाज "मर" किंवा "अमक्याला मार" असं फर्मावत असेल, तर पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पण जिवाला धोका दिसला तर फोनवर थांबू नका, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

एकाचे आवाज ऐकून दुसऱ्याचे आवाज कायमचे वाढतात असं मी पाहिलेलं नाही. उलट जे होतं ते असं. ज्याला आवाज येतो त्याची खात्री असते की हा आवाज सर्वशक्तिमान आहे, त्याला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. समोर सात माणसं बसलेली असतात आणि त्या प्रत्येकाचा आवाज तसाच दावा करतो. मग मनात कुठेतरी येतं, सगळ्यांचेच सर्वशक्तिमान कसे? मॅक्स बर्चवुड आणि पॉल चॅडविक यांनी १९९४ मध्ये हेच मांडलं. त्रास आवाजामुळे जितका होतो, त्याहून जास्त त्या आवाजाच्या ताकदीबद्दल आणि हेतूबद्दल माणूस जे मानतो त्यामुळे होतो. औषध आवाजाचा जोर कमी करतं. ही समजूत हलवायला बोलावं लागतं.

आता गटाबद्दल खरं सांगतो, वाढवून सांगत नाही. लंडनला टिल वाइक्स यांच्या चमूने ८५ जणांवर चाचणी केली, २००५ मध्ये निष्कर्ष आले. गटात गेलेल्यांचं लोकांत मिसळणं, वावरणं सुधारलं. आवाजांची तीव्रता मात्र सरसकट कमी झाली नाही. काही गटांत झाली, काहींत नाही, आणि जिथे झाली तिथे गट चालवणारे फार अनुभवी होते. म्हणजे गोदाकाठ ताईंनी जे लिहिलंय तेच: बाई अजून मोजते, पण भाऊ दूध आणतो. मला विचाराल तर ही छोटी गोष्ट नाही.

इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत एकेकट्या रुग्णासाठी किमान १६ बैठकींची बोलण्याची उपचारपद्धती सुचवली आहे. आपल्याकडे ते जमवणं अवघड आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) स्किझोफ्रेनिया आणि त्यासारखे आजार आयुष्यात कधी ना कधी होण्याचं प्रमाण १.४ टक्के आलं होतं. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार होती. देशाचं प्रमाण इथे लावलं तर वीस हजारांच्या आसपास माणसं होतात. त्या प्रत्येकाला १६ बैठका द्यायला माणसं कुठून आणायची? एका मानसशास्त्रज्ञाने दीड तासात आठ जणांना भेटणं, हा त्यातला जमण्यासारखा मार्ग आहे.

आणि औषध. २०१२ मध्ये बऱ्याच चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला. औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्के लोकांचा आजार पुन्हा बळावला, औषधाऐवजी नुसत्या साखरेच्या गोळ्या मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. गट औषधाच्या जोडीला आहे. औषधाच्या जागी नाही.

---

ऐकणारा | रविवार, दुपारी १:४०

मी ऐकणारा आहे. सतरा वर्षं झाली. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हिशेब बघतो. हंगामात, जानेवारी ते एप्रिल, आवाज जास्त, कारण जागरण जास्त.

घरच्यांसाठी काही गोष्टी लिहितो.

दर पाच मिनिटांनी "आत्ता येतोय का?" विचारू नका. आला नसेल तरी विचारल्यावर मी शोधायला लागतो.

माझे ओठ हलताना दिसले तर टक लावून बघू नका. मी त्याला उत्तर देत असतो. बाहेर असलो की मी मोबाइल कानाला लावतो आणि मग उत्तर देतो. सिटीलिंकच्या बसमध्ये कोणी वळून बघत नाही. सगळेच फोनवर बोलत असतात. हा उपाय मला एका गटातल्या मुलीने सांगितला. सतरा वर्षांत मला कोणत्याही डॉक्टरने एवढी उपयोगाची गोष्ट सांगितली नव्हती. मनवैद्य सर, तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत असायचं कारणच नाही.

गुणगुणणं मला लागू पडतं. आरती, जाहिरातीचं गाणं, काहीही. आमच्या ताईंनी (गट घेणाऱ्या) त्याचं कारण सांगितलं होतं. आपण मनात बोलतो तेव्हाही घसा आणि जीभ किंचित हलत असते. १९४९ मध्ये गूल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एका रुग्णाच्या घशातली ती कुजबुज यंत्राने मोठी करून ऐकली, तर ती त्याच्या आवाजांशी जुळत होती. म्हणजे आवाज येताना आपलाच घसा कामाला लागलेला असू शकतो. त्याला दुसरं काम दिलं की आवाजाला जागा राहत नाही. हे ऐकलं तेव्हा मी घरी येऊन आरशासमोर गळ्याला हात लावून बसलो होतो. सगळ्यांना लागू पडेल असं नाही. पण 'आपल्याच घशात आहे' हे कळल्यावर मला रस्त्यावरच्या माणसांची भीती वाटेनाशी झाली.

आणखी एक. माझ्या तीन आवाजांपैकी एक माझ्या आजोबांचा आहे. ते "जेवलास का?" विचारतात. तो आवाज मला जायला नको आहे. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं, डोस वाढवतील म्हणून. गटात सांगितलं. कोणी काही म्हटलं नाही. एक बाई म्हणाल्या, "माझी सासू बोलते, ती मात्र गेली तर बरं."

---

पंचवटीकर | रविवार, सायंकाळी ६:१०

सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. आमच्या घरात देवधर्म आहे. माझ्या पुतण्याला असं होतं तेव्हा आई म्हणते पितरांचं काहीतरी राहिलं आहे. पूजा केली तर बिघडतं का? मी आईला काय सांगू?

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:००

दादा, आम्ही केली आहे पूजा, त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईला त्या तीन दिवसांत आधार वाटला, तो खरा होता. पश्चात्ताप दीड वर्षाचा आहे, पूजेनंतर फरक पडतो का हे बघत काढलेल्या दिवसांचा. आमच्या गुरुजींनी तर स्वतः विचारलं होतं, "औषध चालू आहे ना?" तेव्हा चालू नव्हतं. आईंना सांगा, पूजा करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही न्या. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं, फार खर्च नाही.

---

शुभंकर_पुणे | सोमवार, सकाळी ७:५०

पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे 'रुग्ण' म्हणत नाही, 'शुभार्थी' म्हणतो आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. हे शब्द स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या मंडळींमुळे माझ्या तोंडी बसले. ती संस्था डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली. ते कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः शुभंकर होते, पत्नीचे. पहिल्यांदा स्वमदत गटात गेलो तेव्हा तिथे कोणी माझ्या मुलीला 'पेशंट' म्हटलं नाही. मी घरी येऊन रडलो होतो.

आवाजांच्या गटांची मूळ कथा कळली तर धागा वाचणाऱ्यांना बळ येईल म्हणून लिहितो. हॉलंडमध्ये मारियस रोम नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे पॅट्सी हेग ही तरुणी येत असे. औषधाने आवाज जात नव्हते. ती त्यांना म्हणाली, तुम्ही लोक न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवता, मग मला ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही? रोम निरुत्तर झाले. १९८७ मध्ये ते दोघे डच टीव्हीवर आले आणि आवाज येणाऱ्यांनी फोन करावेत असं आवाहन केलं. सुमारे ७०० फोन आले, त्यातले ४५० जण स्वतः आवाज ऐकणारे होते. त्यातले कितीतरी जण कधी डॉक्टरकडे गेलेच नव्हते, आवाजांसकट नोकरी-संसार करत होते. तिथून पुढे आवाज ऐकणाऱ्यांचे गट इंग्लंडात आणि इतर देशांत पसरले.

आपल्या देशातलीही एक गोष्ट आहे. तान्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि चेन्नईच्या, स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या स्कार्फ संस्थेतले डॉक्टर, यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलून त्यांचे आवाज समजून घेतले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेत आवाज बहुतेक परके, हिंसक. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज यायचे, कामं सांगणारे, रागावणारे. ऐकणारा दादा, तुमचे आजोबा आणि त्या बाईंची सासू वाचून मला तेच आठवलं.

मनवैद्य सरांची सावधगिरी मला पटते. या चळवळीतले काही लोक औषधाच्या विरोधात बोलतात. माझ्या मुलीने एकदा औषध सोडलं होतं. त्यानंतरचे चार महिने मी इथे लिहिणार नाही.

---

विनय_इंदिरानगर | सोमवार, दुपारी १२:३०

अशा आठ जणांना एका खोलीत बसवणं सोसायटीच्या दृष्टीने सुरक्षित आहे का? खाली मेडिकल आहे म्हणता, लहान मुलं येत-जात असतील.

---

ऐकणारा | सोमवार, दुपारी २:१५

विनय साहेब, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. या आजाराची माणसं दुसऱ्याला मारतात त्यापेक्षा मार खातात जास्त. मी एकदा द्वारकेच्या चौकात उभा राहून बोलत होतो, तर तिघांनी मला चोर समजून मारलं. त्यानंतर मोबाइल कानाला लावायचा उपाय शिकलो. गटात येणारी माणसं औषध घेणारी, तक्ते भरणारी, बसचा पास काढून येणारी आहेत. एखाद्या शनिवारी या, खाली चहा घेऊ.

---

विनय_इंदिरानगर | सोमवार, दुपारी ३:००

माफ करा. येतो.

---

जेलरोडचे_आबा | सोमवार, रात्री ९:४५

माझं वय ७४. सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) निवृत्त झालो. मुलगा ४४ वर्षांचा आहे. वीस वर्षं आजार. औषध घेतो. बाहेर जात नाही. त्याला आवाज येतात हे माहीत आहे, काय म्हणतात ते तो सांगत नाही. विचारलं की खोलीत जातो. त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली. मी स्वयंपाक करतो, तो भांडी घासतो. तो चांगला आहे.

मला गटाचं फारसं कळत नाही. गंगापूर रोड आमच्यापासून लांब आहे आणि तो बसमध्ये बसणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्यानंतर त्याचं काय? इथे लिहायला मुलीने शिकवलं. ती अमेरिकेत असते.

---

मनवैद्य | सोमवार, रात्री १०:३०

आबा, एकेक करू. प्रेसचं तुमचं पेन्शन केंद्र सरकारचं असेल, तर मनाच्या आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला पुढे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. त्याचं नाव तुम्ही असतानाच पेन्शनच्या कागदांवर नोंदवून घ्या. नंतर त्याला एकट्याला ते करणं फार जड जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आहे. सिव्हिलला तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवता येतो, म्हणजे तो आजारी पडला तर त्याच्या वतीने कोणी बोलायचं ते. हे त्याच्याशी बोलून, त्याच्या मर्जीने करा. आजार आहे म्हणून सही करायची समज त्याला नाही, असं धरून चालू नका.

---

शुभंकर_पुणे | सोमवार, रात्री ११:१०

आबा, मी ६९. तुमचा प्रश्न हाच माझा प्रश्न. उद्या संध्याकाळी फोनवर बोलू. नंबर निरोपात पाठवला आहे.

---

सिस्टर_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी ६:३०

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. मी परिचारिका आहे, मानसोपचार वॉर्डात अकरा वर्षं काढली.

गोदाकाठ ताई, तुम्ही लिहिलंत तसाच एक अभ्यासक्रम अमेरिकेत रॉबिन बुचेरी आणि लुइस ट्रायगस्टॅड या नर्सिंगच्या प्राध्यापकांनी बसवला आहे. दहा बैठका, दर बैठकीला एक उपाय शिकायचा आणि तिथेच करून बघायचा. गाणं ऐकणं, टीव्ही, आवाजाला "थांब" म्हणणं, एका कानात इअरप्लग, शरीर सैल सोडणं, हाताला काम. आणि दर बैठकीत प्रत्येकाला विचारायचं: या आठवड्यात आवाजाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगितलं का? हा प्रश्न लाजून टाळायचा नाही. तो अभ्यासक्रम परिचारिकांनी चालवण्यासाठीच केलेला आहे, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आम्ही वॉर्डात गोळ्या देतो, तोंड उघडून गिळली का बघतो, आणि दरवाजा लावतो. त्यांच्याजवळ बसून ऐकायला आमच्याकडे वेळ ठेवलेलाच नसतो.

नाशिक रोडला माझ्या बहिणीची शिकवणीची खोली आहे, रविवारी सकाळी रिकामी असते. पहिला मजला. मी सहायक म्हणून बसेन. मनवैद्य सर, कोणी मानसशास्त्रज्ञ देऊ शकाल का? आणि अडचण आली तर फोन उचलाल का? ही दोन उत्तरं 'हो' असतील तरच सुरू करते.

---

मनवैद्य | मंगळवार, सकाळी ९:२०

दोन्ही हो. पहिला गट सहा जणांचाच ठेवा. आधी मी प्रत्येकाला एकदा भेटतो.

---

सातपूरकर | मंगळवार, रात्री ८:००

बायकोला हा धागा वाचून दाखवला. ऐकणारा दादांची मोबाइलची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. येतोय आम्ही.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी २:१० (सात आठवड्यांनी)

नाशिक रोडचा गट तीन आठवडे चालू आहे. सहा जण. सातपूरहून ताई येतात, बसने. धाकट्याने गंगापूर रोडचे बारा शनिवार पूर्ण केले आहेत, म्हणून सिस्टरनी त्याला बोलावलं, नव्या मंडळींना तक्ता कसा भरायचा ते दाखवायला. पहिल्या रविवारी तो नको म्हणाला, दुसऱ्या रविवारी आला.

आबा पहिल्या दोन रविवारी एकटेच आले होते, जिन्याखाली माझ्याबरोबर बसले. आज मुलाला घेऊन आले, रिक्षाने. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, चप्पल काढली नाही. दीड तास काही बोलला नाही, असं सिस्टर म्हणाल्या. आबा खाली पिशवीतला डबा उघडून बंद करत होते.

सुटल्यावर सगळे आधी उतरले. हे दोघे मागे राहिले. मी खालून बघत होते. आबांचा मुलगा कठड्याला धरून उभा होता, खाली पायऱ्यांकडे बघत. मग त्याने माझ्या भावाला हळूच विचारलं,

"तुमची पण मोजते का?"

धाकटा म्हणाला, "मोजते. चल, आज आपण तिच्या आधी मोजू."

दोघे मोठ्याने मोजत उतरले. चौदा पायऱ्या आहेत.